पेर्सेफोनी, महालक्ष्म्या आणि मी पुसलेली ओळ

धोटे, तुमच्या तेरवीला मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो आणि तुमची मृणाल माईकवर माझं नाव घेत होती. आदल्या दिवशी फोनवर मी सवयीनं 'तेरावा' म्हणालो, तर ती म्हणाली, "बाबा तेरवी म्हणायचे, काका." म्हणून तेरवी.

ट्रुगानिनाच्या कम्युनिटी सेंटरमध्ये साठ-सत्तर माणसं जमली होती. बाहेर ऑस्ट्रेलियातल्या ऑगस्टचा, ऐन थंडीचा बोचरा वारा, आत हीटरची घरघर. मृणालच्या हातात आपल्या मराठी मंडळाचा नऊ वर्षांपूर्वीचा दिवाळी अंक होता. तो बाबांच्या उशाशी असायचा, त्यातला एक लेख त्यांना फार आवडायचा, आणि तो लिहिणारे सर आज इथे आहेत, असं तिनं सांगितलं. मग तिनं 'एक देवता, अनेक नामे' वाचायला घेतला.

सातव्या वर्षी या देशात आलेली मुलगी. तिला मराठी वाचायला तुम्ही खाणीच्या गावात, कालगुर्लीत, जेवणाच्या टेबलावर शिकवलंत. जोडाक्षरापाशी ती जरा थांबते, पण चुकवून पुढे जात नाही. पाताळाच्या राजानं पळवून नेलेली ग्रीक पुराणातली ती मुलगी, पर्सिफनी, तिच्या शोधात पृथ्वी उजाड करणारी तिची आई, आणि शेवटी झालेली तडजोड, की मुलीनं वर्षातले काही महिने खाली राहायचं आणि वसंतात वर आईकडे यायचं. हे सगळं तिनं सावकाश वाचलं. मग ते वाक्य आलं. 'ऑस्ट्रेलियात पर्सिफनी आणि गौरी एकाच महिन्यात माहेरी येतात.' पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळे पुसले.

ते वाक्य तुमचं आहे. तो सगळा लेखच तुमचा आहे. हे मी तिथं उभं राहून सांगायला हवं होतं. मी बसून राहिलो. नंतर चहाच्या वेळी लोक माझा हात हातात घेऊन म्हणाले, सर, काय लिहिलंय तुम्ही. मी म्हणालो, धोट्यांमुळे सुचलं. एवढं अर्धं खरं बोलून मी कप उचलला.

म्हणून आता सगळं पहिल्यापासून लिहितो. तुम्हाला ठाऊक नाही असं यात फार काही नसेल, असा मला संशय आहे.

आपली ओळख तळ्याकाठच्या बाकावरची. मी पुण्यात छत्तीस वर्षं मराठी शिकवून मुलाकडे राहायला आलेलो. तुम्ही आधी चंद्रपूरच्या कोळशाच्या खाणीत आणि मग कालगुर्लीच्या सोन्याच्या खाणीत सर्व्हेअर म्हणून आयुष्य काढून लेकीकडे आलेले. मी मास्तर होतो हे कळल्याबरोबर तुम्ही मला सर म्हणायला लागलात. मी तुमच्याहून जेमतेम दोन वर्षांनी मोठा. दोनदा तुम्हाला सांगितलं, अहो, नावानं हाक मारा. तुम्ही म्हणालात, "जीभ वळत नाही, सर." माझीही कुठे वळली? मी तुम्हाला कधी नामदेव म्हटलं नाही.

तुमच्या जॅकेटच्या खिशात ती पिवळी वही असायची, सर्व्हेअर लोकांची, पाण्यानं न भिजणाऱ्या कागदाची. मला वाटलं, जुनी मोजमापं असतील. तुम्ही उघडून दाखवलीत, तर पानोपान एकच नाव. तुमचा ग्रीक फोरमन निको एकदा जमिनीखालच्या जेवणखोलीत गावी राहिलेल्या आईच्या आठवणी काढत बसला होता. आईचं नाव पेर्सेफोनी. कोणाचं नाव हे, असं तुम्ही विचारलंत आणि त्यानं ती गोष्ट सांगितली. शेजारी बसलेला क्रोएशियन ड्रिलर म्हणाला, आमच्या शाळेच्या पुस्तकात ती पेर्झेफोना होती. इटालियन इलेक्ट्रिशियन म्हणाला, तुम्हा दोघांना काही कळत नाही, ती प्रोसेर्पिना. त्यांचं भांडण जुंपलं आणि तुम्ही वही काढलीत.

मग तो छंदच लागला. गुडघ्याचा एक्स-रे काढायला गेलात, तर तिथल्या लेबनीज डॉक्टरकडून 'बेर्सेफोनी' लिहून आणलंत, कारण त्यांच्या लिपीत 'प' नाही. पर्थला जाताना विमानात शेजारी बसलेली पोलिश बाई, ती 'पेर्सेफोना' म्हणाली. प्रत्येकाला तुम्ही तीनदा उच्चार करायला लावायचात, कानाला पटेल तसा देवनागरीत लिहायचात, आणि बाजूला नोंद करायचात की हे नाव त्याला कोणी सांगितलं. आईनं, आजीनं की शाळेनं. "देवनागरीत कोणाचंबी तोंड बसते, सर," हे तुम्ही म्हणालात तेव्हा मी चपापलो. इतकी वर्षं ती लिपी शिकवून मला असं काही कधी सुचलं नव्हतं. चपापलो, आणि थोडा दुखावलोही.

आपला वाद तिथूनच सुरू झाला. मी म्हणायचो, मूळ नाव ग्रीक, बाकी सगळे अपभ्रंश. तुम्ही म्हणायचात, निकोची आजी तिच्या गावात वेगळंच म्हणायची, मग निको मूळ की आजी? एकदा मी जरा चढ्या आवाजात म्हणालो, धोटे, प्रत्येक गोष्टीला मूळ असतं. तुम्ही शांतपणे म्हणालात, "मी अर्धा किलोमीटर खाली जाऊन पाह्यलं, सर. तिथंबी मूळ नाही दिसलं." बाकावर बसलेला पंजाबी म्हातारा काही न समजता आपल्याबरोबर हसला होता.

त्या वादाचा शेवट मी तुम्हाला कधी सांगितला नाही. तुम्हाला गप्प करायला म्हणून मी लायब्ररीतून दोन जाड पुस्तकं आणून वाचली. त्यात निघालं, की खुद्द जुन्या ग्रीकांमध्येच तिचं एक नाव नव्हतं. कुठे पेर्सेफोनेइया, कुठे फेर्सेफासा, अथेन्सवाले आणखी वेगळंच, फेरेफात्ता. आणि पुष्कळदा तर तिचं नाव घ्यायलाच लोक कचरत, नुसतं 'कोरे' म्हणत. म्हणजे मुलगी. तुम्ही बरोबर होतात. मी पुस्तकं परत केली आणि दुसऱ्या दिवशी बाकावर पावसाविषयी बोललो.

त्या वर्षी दिवाळी अंकाचा संपादक मी होतो. तुम्हाला लिहा म्हणून मीच मागे लागलो, हे मात्र खरं. तीन आठवड्यांनी तुम्ही अकरा फुलस्केप पानं आणलीत, पेन्सिलीनं लिहिलेली. शीर्षक होतं, 'पोट्टीचं नाव'. माझ्यासमोर बसून तुम्ही एक शब्द बदललात. जुन्या शब्दावर एक बारीक आडवी रेघ, वर नवा शब्द, बाजूला ना. धो. मी म्हणालो, अहो, खोडरबर आहे माझ्याकडे. तुम्ही मान हलवलीत.

"सर्व्हेअर पुसत नाही, सर. एकच रेघ मारायची. जुना आकडा वाचता आला पाहिजे. खाली माणसं असतात."

चुकलेला आकडा पुसून टाकला तर चूक कुठे झाली ते कोणाला कळणार नाही आणि बोगदा भलतीकडे जाईल, असं तुम्ही मग समजावून सांगितलंत. मी मान डोलावली आणि घरी जाऊन लाल पेन काढलं.

काय काय बदललं ते सांगतो. 'पोट्टी'ची 'कन्या' केली. 'मले', 'तिले' ही तर मी चुका सुधारल्यासारखी दुरुस्त केली. निकोचा 'एक ग्रीक सहकारी' केला. तुमच्या 'पेर्सेफोनी'ची इंग्रजी वळणाची 'पर्सिफनी' केली. आणि तुम्ही महालक्ष्म्या लिहिलं होतं तिथे तिथे गौरी घातलं, कारण पुण्यात आम्ही गौरी म्हणतो आणि मला वाटलं, सगळे तेच म्हणतात. एका देवीला जितकी तोंडं तितकी नावं आणि त्यातलं कोणतंही चुकीचं नाही, असं सांगणारा लेख होता तो. त्या लेखातच मी तुमच्या देवीचं नाव चुकीचं ठरवून बदललं. तेव्हा हे माझ्या लक्षातही आलं नाही. आज ते आठवलं की हातातलं काम थांबतं.

पुढचं मात्र कळून-सवरून केलेलं आहे. लेखाखाली मी आधी 'नामदेव धोटे' टाइप केलं, त्याखाली 'शब्दांकन' म्हणून माझं नाव. एकानं सांगायचं आणि दुसऱ्यानं लिहायचं असेल तर आपल्याकडे असं छापतात. तुम्ही तर स्वतः लिहिलं होतं, म्हणजे ते शब्दांकनही खोटंच. पण लेख पुन्हा पुन्हा वाचताना मला वाटायला लागलं की यातली प्रत्येक ओळ मी घडवली आहे, धोट्यांनी फक्त कच्चा माल दिला. अंक छपाईला पाठवायच्या दिवशी दुपारी मी तुमच्या नावाची ओळ काढली. मग 'शब्दांकन' एकटंच विचित्र दिसायला लागलं, म्हणून तेही काढलं. माझं नाव राहिलं. एकही रेघ मारावी लागली नाही. बोटानं दोन ओळी पुसल्या, मागे काही उरलं नाही.

अंक हातात पडला तेव्हा तुम्ही तो घेऊन बाकावर आलात. सोबत नेहमीचा डबा होता. कोथिंबिरीला तुम्ही सांबार म्हणता, तिच्या सांबारवड्या. मला डबा दिलात, पान उघडलंत, चष्मा वर-खाली केलात.

"माझं नाव राहून गेलं वाटते, सर."

मी म्हणालो, पुण्याचा डीटीपीवाला. ऐन वेळी ओळ गाळली त्यानं. पुढच्या अंकात दुरुस्ती छापतो.

"असू द्या. होते असं," म्हणालात, आणि वडी गार होऊन राहिली, खा म्हणालात. मी खाल्ली. पुढच्या अंकात मी दुरुस्ती छापली नाही आणि तुम्ही विचारलं नाही. तो डीटीपीवाला बिचारा मोठा नेटका माणूस होता. त्याच्या हातून कधी काना-मात्रा सुटली नव्हती.

एवढ्यावर थांबलं असतं तरी एक वेळ ठीक. पण सिडनीहून, हॅरिस पार्कच्या मंडळींकडून, या विषयावर बोलायला या म्हणून मला बोलावणं आलं. त्या सकाळी मुलाला ऑफिस होतं, तर तुम्ही म्हणालात, मी सोडतो एअरपोर्टला. तुम्ही मला तुमच्या गाडीतून तुमच्याच लेखावर भाषण द्यायला सोडलंत. माझी बॅगही तुम्हीच उतरवलीत. मी हॅरिस पार्कात तासभर बोललो, टाळ्या घेतल्या, मिठाईचा पुडा घेऊन परत आलो. घ्यायलाही तुम्हीच आला होतात.

"आवडलं काय लोकायले?"

फार आवडलं, म्हणालो.

"निकोचं नाव घेतलं ना?"

घेतलं की, म्हणालो. घेतलं नव्हतं. तुमचा चेहरा असा खुलला, की जणू निकोलाच टाळ्या मिळाल्या. निको तेव्हा वारलेला होता, हे मला तुम्ही परतीच्या त्या प्रवासात सांगितलंत.

धोटे, तुम्ही एकदा तरी चिडायला हवं होतं. बाकावर यायचं बंद करायला हवं होतं, चारचौघांत टोमणा मारायला हवा होता. मी रोज सकाळी तयारीत यायचो. तुम्ही यायचात ते माझ्या बायपासची चौकशी करत, डाळ महाग झाल्याचं सांगत, वहिनी गेल्यानंतरही दर वर्षी महालक्ष्म्यांच्या जेवणाचं आमंत्रण घेऊन. तुमच्या घरी मी नऊ वर्षं त्या मुखवट्यांना नमस्कार केला. तुम्ही स्वतः पहाटेपासून उभं राहून सोळा भाज्या एकत्र शिजवायचात आणि पहिलं ताट माझं वाढायचात. त्या ताटावर बसून मला बोलता आलं असतं. शेवटच्या आजारात हॉस्पिटलमध्ये आपण दोघंच होतो, तेव्हाही आलं असतं. त्या दिवशी तुम्ही विचारलंत, "सर, काही म्हणायचं आहे काय?" मी म्हणालो, लवकर बरे व्हा. तुम्ही बराच वेळ माझ्याकडे पाहिलंत आणि मग डोळे मिटलेत.

तेरवीनंतर चार दिवसांनी मी ती अकरा पानं घेऊन मृणालकडे गेलो. ती मी जपून ठेवली होती. का, ते माझं मलाही सांगता येणार नाही. फाडून टाकण्याएवढा वाईट मी नसेन आणि परत देण्याएवढा बरा नव्हतो. शनिवारची दुपार होती, ती कपडे वाळत घालत होती. मी पानं टेबलावर ठेवली आणि जे वर लिहिलं ते सगळं सांगितलं. सांगायला दहा मिनिटं पुरली.

तिनं पहिलं पान वाचलं. मग दुसरं. तुमच्या अक्षरावरून बोट फिरवत वाचत होती, लहानपणी शिकवलंत तशी. मग आत जाऊन तो दिवाळी अंक घेऊन आली आणि ते पान उघडून माझ्यासमोर धरलं.

त्या पानावर पेन्सिलीची एक खूण होती. 'गौरी' या शब्दावर एक बारीक आडवी रेघ. वर लिहिलेलं, 'महालक्ष्म्या'. बाजूला ना. धो. बाकी पानावर कुठेही पेन्सिल लागलेली नव्हती. लेखाखाली माझं नाव जसं छापलं होतं तसंच होतं. नऊ वर्षं तो अंक तुमच्या उशाशी होता आणि पेन्सिल तुमच्या खिशात होती. तुम्ही देवीचं नाव दुरुस्त केलंत. माझं तुम्ही माझ्यावर सोपवलं होतंत.

"मला दिसली होती ती लाइन," मृणाल म्हणाली. "वाटलं, बाबांनी नोट केलीय. हॉलमध्ये मी मुद्दाम प्रिंटेड वाचलं. आउट ऑफ रिस्पेक्ट. तुमच्यासाठी."

मी सॉरी म्हणालो. आयुष्यभर शब्द शिकवले आणि हाती तेवढाच लागला.

"तुम्ही मला ते सगळ्यांसमोर वाचू दिलंत, काका." तिचा आवाज चढला नव्हता. "सॉरी नको मला. जिथे छापलंत, तिथेच लिहा. अँड प्लीज, डोन्ट फिक्स हिज मराठी."

तिनं मला चहा दिला नाही. दारापर्यंत मात्र आली आणि पायरी ओली आहे, जपून उतरा, असं म्हणाली. ते अगदी तुमच्यासारखं होतं, म्हणून पायरीवर मला थांबावं लागलं.

आता यंदाच्या अंकाचं काम एक तरुण मुलगी बघते. मी तिला सगळं सांगितलं. ती तुमची अकरा पानं जशीच्या तशी छापायला तयार झाली. तरी तिनं एकदा विचारलंच, सर, भाषा थोडी सारखी करून घेऊ का? मी म्हणालो, हात लावू नका. आणखी एक विनंती केली. जुन्या अंकातलं ते पानही शेजारी छापा. माझं नाव पुसू नका. त्यावर एकच रेघ मारा, वर 'नामदेव धोटे' लिहा, बाजूला माझी सही घ्या. खालचं नाव वाचता आलं पाहिजे. चूक कुठे झाली ते लोकांना दिसलं पाहिजे.

ही रेघ मी काल मारली, पेन्सिलीनं. रेघ सरळ आली नाही. तुम्हाला ती आवडली नसती.

नामदेव, तळ्याकाठी वॅटलच्या झाडांची पिवळी फुलं झडायला लागली आहेत. दोन आठवड्यांत महालक्ष्म्या. तुम्हाला जाऊन वर्ष झालं नाही म्हणून तुमच्या घरी यंदा बसणार नाहीत, पण मृणालनं मुखवटे पेटीतून काढून पुसून ठेवले आहेत, असं माझी सून सांगत होती. मला आमंत्रण नाही, आणि ते योग्यच आहे. मी सकाळी बाकावर बसतो. तो पंजाबी म्हातारा हातानं खूण करून विचारतो, दुसरा कुठे? मी वर बोट दाखवतो. मग तुमची ती अर्धा किलोमीटर खाली जाण्याची कोटी आठवते आणि वाटतं, तुम्ही तर बोट खाली दाखवलं असतंत.

माझ्याकडे राहिलेलं तुमचं जे होतं, त्याचा शेवटचा तुकडा इथे ठेवतो. अकराव्या पानावरचा. मी तेव्हा तो 'पुनरुक्ती' असा शेरा मारून गाळला होता.

"कालगुर्लीले सप्टेंबरात लाल मातीवर रानफुलं येते. निको म्हणे, पाह्य, ती वर आली. मी म्हटलं, आमच्याबी महालक्ष्म्या याच महिन्यात येते. गावाकडं तवा पावसाळा राह्यते, इथं वसंत. म्हणून इथं दोघीयचं माहेर एकाच महिन्यात आहे. मी दिवसभर खाली राह्यतो अन् सांजच्याले लिफ्टच्या पिंजऱ्यातून वर येतो, तवा उजेड डोळ्याले टोचते. मले वाटते, तिलेबी तसंच होत असन. आता तिचं नाव काय, ते मी बारा जणायले विचारलं, बारा नावं भेटले. मंग मी निकोच्या आईले फोनवर विचारलं, तुमचं नाव जिच्यावरून ठेवलं तिले तिची आई कोणत्या नावानं हाक मारत असन? म्हातारी हासली. म्हणे, दारात उभी राह्यल्यावर नाव कोण घेते? आई म्हणते, पोट्टी आली."